दिवा वाढवा

‘बाई, दिवा वाढवा की आता,’ असं म्हातारी म्हणाली आणि पौर्णिमानं दिवा वाढवला. म्हणजे केलं काय, तर हातातल्या डबीवरचं बटण उजवीकडं फिरवलं आणि बारवेच्या पायऱ्यांवरचा पिवळा उजेड हळूहळू चढवत पार शेवटपर्यंत नेला. तिला वाटलं, ऐंशी ओलांडलेली बाई, डोळ्यांत मोतीबिंदू असणार, दिसत नसेल बिचारीला. म्हातारीनं पदर डोळ्यांवर ओढला आणि तोंड फिरवलं. वायरमन सोमेश्वर वर कठड्यावर बसून केबल गुंडाळत होता, तो हसला. ‘म्याडम, त्या वाढवा म्हणत्यात म्हंजी बंद करा म्हणत्यात. दिवा विझवा असं तोंडानं म्हणू न्हाई ना, म्हणून वाढवा म्हणायचं. आमची आजी बी असंच म्हणायची.’ एवढंच झालं. दिवेलागणीची वेळ, केजच्या पुढं फाट्यावरून आत एक गाव, गावाबाहेर जुनी बारव, पाण्यापर्यंत पायऱ्या उतरत गेलेली विहीर, आणि एका शब्दाचा गैरसमज. कुणीही हसून सोडून दिलं असतं. पौर्णिमाही हसायला गेली, पण ओठ नुसते ताणले गेले. हात बटणावरून निघेना. शेवटी सोमेश्वरच खाली उतरून आला, त्यानं डबी तिच्या हातातून घेतली आणि बटण डावीकडं फिरवून उजेड घालवला. ‘बरं वाटंना का म्याडम?’ त्यानं विचारलं. ती म्हणाली, उन्हाचं झालं असेल. ऊन तर केव्हाच गेलं होतं.

चौदा महिन्यांपूर्वी पुण्यात, तिच्या फ्लॅटमधल्या मागच्या खोलीत, तिची आई जाईबाई अंथरुणाला खिळली होती. दवाखान्यानं घरी न्यायला सांगितलं होतं, म्हणजे काय ते सगळ्यांना कळलं होतं. त्या अकरा दिवसांत आईचं बोलणं आटत आटत गेलं आणि मागं एकच वाक्य उरलं. ‘बाई, दिवा वाढवा.’ पोटच्या लेकीला बाई म्हणायचं, आणि वर अहोजाहो. पौर्णिमाला वाटलं, ओळख गेली, आई आपल्याला नर्स समजतेय. त्याचं तिला फार वाईट वाटलं, बाथरूममध्ये जाऊन रडलीही. पण दिव्याचं काम तर तिच्या हातचं होतं. औषध चालत नव्हतं, अन्न उतरत नव्हतं. उजेड मात्र देता येत होता, आणि तो द्यायला तिच्याइतकं लायक माणूस अख्ख्या पुण्यात शोधून सापडलं नसतं. जुन्या देवड्या, वेशी, घाट, चौक यांच्यावर उजेड कसा पाडायचा हाच तिचा धंदा. तिनं आधी ट्यूब लावली. मग ऑफिसातला स्टँडवरचा दिवा आणला, ज्याच्या उजेडात माणसाच्या कातडीचा रंग खरा दिसतो असा. म्हटलं, आईला निदान माझा चेहरा तरी नीट दिसेल. आईनं तोंड भिंतीकडं फिरवलं, तेव्हा तिनं दिवा उचलून भिंतीच्या बाजूला नेला. आईनं हात डोळ्यांवर घेतला, तेव्हा तिनं तो हळूच काढून पोटावर ठेवला, सलाईनची सुई निघू नये म्हणून. असे अकरा दिवस, दिवसाउजेडी आणि रात्री. शेवटी शेवटी आई मिटलेल्या पापण्याही आवळायची. आणि आई गेल्यावर पुण्यानुमोदनाच्या दिवशी, वंदना झाल्यावर, पौर्णिमानं जमलेल्या लोकांना सांगितलं होतं की आईला अखेरीला अंधाराची भीती वाटत होती, पण मी एक क्षणभरही अंधार होऊ दिला नाही. लोकांनी डोळे पुसले होते. पुढं हे वाक्य ती आपल्या भाषणांतसुद्धा वापरायला लागली.

आता कुणी म्हणेल, मराठी बाई, मराठवाड्याच्या आईची लेक, तिला एवढा एक शब्द ठाऊक नसावा? नारळ वाढवतात, बांगडी वाढवतात, हे तिनं ऐकलं होतं. पण त्यांच्या घरात नारळ वाढवायची पद्धतच नव्हती, आणि दिव्याला बटण होतं. बटणाच्या दिव्याला ‘बंद कर’ म्हणतात. वडील टेलिफोन खात्यात, दर चार वर्षांनी बदली, क्वार्टरमध्ये बिऱ्हाड. आईनं गाव सोडलं तेव्हा गावाची भाषाही तिथंच ठेवली. ‘हाय’चं ‘आहे’ केलं, ‘न्हाई’चं ‘नाही’ केलं. सुट्टीत आलेल्या मावसभावाचं ऐकून पौर्णिमा एकदा ‘कावून’ म्हणाली, तर आईनं चापट मारली होती. कावून नाही म्हणायचं, का म्हणायचं. केजच्या लॉजवरच्या खोलीत दिवा न लावता पलंगावर बसल्या बसल्या पौर्णिमाला त्या चापटीचा राग आला. भाषा तू माझ्याकडून काढून घेतलीस आणि शेवटचं मागणं त्याच भाषेत मागितलंस, मग मी काय करायचं होतं? मग त्या रागाची लाज वाटली. गाल मात्र खरोखरच गरम झाला होता. खाली स्टँडवर शेवटच्या जीपवाल्याचा पुकारा चालला होता, कळंब, कळंब. नात्यातली माणसं तिची चेष्टा करायची, नाव पौर्णिमा आणि धंदा उजेडाचा. शिकून काय उजेड पाडला म्हणून विचारायची सोय नाही, ही खरंच पाडून दाखवते. तिलाही ते आवडायचं. ‘काय दिवे लावलेस गं पौर्णिमा,’ असं ती त्या अंधारात मोठ्यानं म्हणाली आणि स्वतःच्याच आवाजानं दचकली. आवाज आईसारखा आला होता.

ही बारव तिनं मुद्दाम मागून घेतली होती. आईचं माहेर हेच गाव. गावात हे कुणाला माहीत नव्हतं, आणि तिनंही सांगितलं नव्हतं. आडनावावरून काही कळण्यासारखं नव्हतं आणि पुण्याची म्याडम म्हटल्यावर पुढं कुणी विचारलं नाही. का सांगितलं नाही, हे तिला स्वतःला विचारायचंही नव्हतं. काम तिनं जीव ओतून केलं होतं. दगडाला एक भोक पाडलं नाही. दिवे वजनाच्या बैठकीवर, नुसते टेकवलेले. शाळेच्या छपरावर सौर पत्रे, त्यावर भरलेली बॅटरी, आणि मेणबत्तीच्या रंगाचा मंद उजेड, तोही टोपी घातलेला, पाऊल पडेल तेवढ्याच जागेवर. वरच्या कमानीत पिंगळ्याची जोडी होती, आतल्या ओवरीत वटवाघळं होती, त्यांच्या अंगावर एक थेंब उजेड जात नव्हता. गावच्या समितीचे अध्यक्ष विजयसिंह यांना आधी रंगीत दिवे हवे होते, दर मिनिटाला बदलणारे, लोकांना मोबाइलवर व्हिडिओ काढता येतील असे. ते तिनं कसंबसं परतवलं. पण जिल्ह्याहून येणाऱ्या साहेबांच्या गाडीत दुसऱ्याच एका ठेकेदाराची फाइल तयार होती, हे तिला पक्कं ठाऊक होतं. बारवेभोवती आठ उंच खांब, पांढरे झोत, संध्याकाळपासून सकाळपर्यंत आपोआप चालू, बटण कुणाच्याच हातात नाही. तसं झालं की पिंगळे जाणार, वटवाघळं जाणार, आणि आठशे वर्षांचा दगड पेट्रोल पंपासारखा पांढराफटक दिसणार. साहेबांची अट साधी होती. पडलेला उजेड लक्समध्ये मोजतात. एकाही पायरीवर पाच लक्सच्या खाली उजेड नको, माणूस घसरून पडलं तर जबाबदार कोण? उद्या संध्याकाळी ते स्वतः मीटर घेऊन येणार होते. सगळ्या पायऱ्यांवर पाच भरले तर तिचं काम पास, नाहीतर खांब.

आणि सातव्या पायरीवर पाच भरत नव्हते. सहावीवर पाच पूर्णांक दोन, आठवीच्या कडेला पाच पूर्णांक एक, आणि मधल्या सातवीवर, बरोबर मध्यावर, शून्य पूर्णांक आठ. तीन दिवस झाले होते. तिनं मीटर बदललं. बॅटरी बदलली. दगड काळा असेल म्हणून त्याच्यावर पांढरा कागद पसरला, तर कागदावरही तेवढंच. कमानीतल्या दोन्ही दिव्यांची अदलाबदल केली. सोमेश्वर म्हणाला, ‘मधी कुणी तरी उभं ऱ्हायल्यावानी दिसतंय, म्याडम,’ आणि म्हटल्यावर त्याचं त्यालाच ते आवडलं नाही, तो वर निघून गेला. नीट बघितलं तर खरंच तसं होतं. नुसता डाग नव्हता. सातव्या पायरीवरून निघून खाली नवव्यापर्यंत गेलेली, मंद पण कडा असलेली सावली होती. उजवा दिवा बंद केला की ती उजवीकडं पडायची, डावा बंद केला की डावीकडं. दिव्याची उंची माहीत, पायऱ्यांची उंची माहीत, सावलीचं टोक कुठं संपतं ते माहीत. बाकी शाळेतला त्रिकोण. पौर्णिमानं वहीत आकडे मांडले. मध्ये जे काही उभं होतं त्याची उंची चार फुटांना थोडी कमी येत होती. ते पान तिनं फाडून पर्समध्ये ठेवलं आणि दोन दिवस पर्सच उघडली नाही. तिसऱ्या दिवशी तिनं जे केलं ते करायला नको होतं. तिनं सोमेश्वरला दिवा दोन वीत खाली घ्यायला सांगितला. दिवा खाली आला की सावली लांबते, हे पोरंसोरंही सांगतील. ती लांबून दहावी, अकरावी पायरी ओलांडून पाण्यात पडायला हवी होती. पडली नाही. सावलीचं टोक पाण्यापासून होतं तेवढंच लांब राहिलं, आणि सहाव्या पायरीवरचं मीटर, जे पाचावर होतं, ते खाली घसरलं. म्हणजे जे कुणी सातवीवर उभं होतं, ते एक पायरी मागं सरलं होतं.

तिला याचा अर्थ कळत नव्हता असं नाही. सहावीत असताना शाळेतून सावलीचा प्रयोग करून आणायला सांगितला होता, अंगणात काठी रोवून. तिची काठीची धडपड बघत आई तांदूळ निवडत बसली होती आणि मध्येच सहज म्हणाली होती, ‘आमची सावली पाण्यात पडू नये म्हणून आम्ही सातव्या पायरीवर थांबायचो.’ पौर्णिमानं विचारलं, कुठल्या? आईनं तांदळातला खडा काढून फेकला. पुढं आयुष्यात तिनं हा विषय काढला नाही. एवढ्या एका वाक्यावर पौर्णिमानं ही बारव शोधून काढली होती. पण माहीत असणं वेगळं आणि मीटरवर दिसणं वेगळं. तिचा भुताखेतांवर विश्वास नव्हता, आईचा तर नव्हताच. घरात बाबासाहेबांचा फोटो आणि त्याच्याखाली बुद्धमूर्ती, तिसरं काही नाही. म्हणून तिनं स्वतःला बजावलं होतं, काहीतरी कारण असेल, सापडेल. आणि आता लॉजवरच्या पलंगावर भिंतीला पाठ लावून बसल्यावर तिला पहिल्यांदा वाटलं, आपण सातव्या पायरीवर तीन दिवस तेच करतोय, जे आईच्या उशाशी अकरा दिवस केलं. अंधार दिसला की उजेड चढवायचा. तोंड फिरवलं की दिवा तिकडं न्यायचा. तिच्या अंगावर काटा आला, आणि तो सकाळपर्यंत गेला नाही.

सकाळी ती म्हातारीकडं गेली. म्हातारीचं नाव बायनाबाई, विजयसिंहांची आजी. चार दिवस झाले, दिवे लागायच्या वेळेला काठी टेकत बारवेवर यायची, वर उभी राहून बघायची, आणि उजेड झाला की बेचैन व्हायची. घर नवं, स्लॅबचं, दारात ट्रॅक्टर. शेडच्या सावलीत म्हातारी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली होती. घरात कुणी नव्हतं. तिनं स्वतः उठून चहा केला, कप पौर्णिमाच्या हातात दिला आणि समोर बसली.

‘तुम्ही रोज बारवेवर कावून येता?’ पौर्णिमानं विचारलं. शब्द कुठून आला तिला कळलं नाही.

म्हातारीनं तिच्याकडं नीट बघितलं. ‘दिवा वाढवला का न्हाई, ते बघाय येते,’ ती म्हणाली. ‘आमच्या घरचा मान व्हता तो. दिस मावळला की बारवंच्या कोनाड्यात दिवा लावायचा. गावाचं पाणी भरून झालं की सासूबाई म्हणायच्या, बायने, जा, दिवा वाढव. दिवा वाढला की मंग त्यांनी उतरायचं.’

‘त्यांनी म्हणजे कुणी?’ विचारायची गरज नव्हती, तरी तिनं विचारलं.

‘खालच्या वस्तीच्या बायांनी. पाण्याला न्हाई बरं का. पाण्याच्या अलीकडं दगडाची डोण हाय, आमी ती भरून ठिवायचो, त्यातनं त्यांनी घ्यायचं. उजेड असला की सावली पाण्यात पडती. म्हणून अंधारात.’ म्हातारी थांबली. मग विचारल्याशिवायच पुढं बोलली, जणू बोलायलाच बसली होती. ‘एक बार माझा भाऊ आलता, पाटोद्याहून, छकडा घिऊन. मी चौदा वर्साची. म्हायेराला जायचं म्हणल्यावर मला काई सुदरंना. दिवा लावला, काठोकाठ तेल वतलं, आन् तशीच छकड्यात बसले. वाढवायचं ध्यानात ऱ्हायलं न्हाई. सासू तापानं पडलेली. दिवा रातभर जळला.’

‘मग?’

‘मग काय? त्यांनी दिव्याला हात लावला असता तर कातडं सोललं असतं. बाया थांबल्या, थांबल्या, आन् गेल्या रिकाम्या घागरी घिऊन. एक पोर थांबली. धा वर्साची. तिची माय घरात पडून व्हती, पाणी पाणी करत. पोर आमच्या दारात आलती म्हणं. बाई, दिवा वाढवा. बाई, दिवा वाढवा. आता बाई कुठंय? बाई छकड्यात.’ तिनं ओठ पुसले. ‘परत जाऊन पायरीवर उभी ऱ्हायली. पहाटं तेल सपलं तवा दिवा गेला. तिनं पाणी नेलं. तवर माय गेलती.’

पौर्णिमानं हातातला कप खाली जमिनीवर ठेवला. ‘त्या मुलीचं नाव आठवतं तुम्हाला?’

‘जाई,’ म्हातारी म्हणाली. ‘सत्तर वर्सं झाली. सुनांची नावं इसरते मी. ते न्हाई इसरले.’

‘मी जाईची मुलगी.’

ट्रॅक्टरच्या टपावर एक चिमणी टकटक करत होती, ती उडून गेली. म्हातारीनं काठी जवळ ओढली. मग एवढंच विचारलं, ‘हाय का?’

‘गेली. गेल्या वर्षी.’

‘कशी गेली?’

सगळे हेच विचारत, आणि पौर्णिमा सगळ्यांना सांगे, शांतपणे गेली. ते उत्तर तिच्या जिभेवर तयारच होतं. ‘दिवा वाढवा म्हणत गेली,’ ती म्हणाली. ‘अकरा दिवस म्हणत होती. मला कळलंच नाही. मी अजून मोठा केला.’ हे बोलताना तिला पहिल्यांदा स्वच्छ दिसलं की आई तिला नर्स समजत नव्हती. आई दहा वर्षांची होती, घागर घेऊन या दारात उभी होती, आणि घरात तिची आई तहानेनं तळमळत होती. त्या पोरीला पाण्याकडं उतरायला नुसती वाट हवी होती. पौर्णिमानं तिच्या तोंडावर झोत धरला. आणि तिनं भाषणांतून टाळ्या घेतल्या होत्या. ती ट्रॅक्टरच्या चाकाला धरून उभी राहिली आणि लहान पोरीसारखी हमसून रडली. म्हातारी उठली नाही, जवळ आली नाही, पाठीवर हात ठेवला नाही. तिला तेवढा हक्क वाटला नसावा. फक्त म्हणाली, ‘च्या निवला असंल. दुसरा करते.’

संध्याकाळी साहेब आले, बरोबर दोन माणसं. विजयसिंह कडक इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांत, समितीतले चार जण, आणि खाली घेतलेला दिवा परत पहिल्या उंचीवर चढवून सोमेश्वर वर बॅटरीपाशी. म्हातारी कठड्याशी काठी धरून उभी. आकाशातला उजेड विझत आला तसं पौर्णिमानं बटण फिरवलं आणि पायऱ्या एकेक करून वर आल्या, नुसत्या कडा, मधाच्या रंगाच्या, आणि खाली पाणी काळंच राहिलं. साहेब माणूस कामाचा होता. वाकून प्रत्येक पायरीवर मीटर टेकवत उतरायला लागला आणि त्याचा माणूस आकडे लिहून घ्यायला लागला. पाच पूर्णांक चार. पाच पूर्णांक दोन. पाच पूर्णांक तीन. सातवीवर तो थांबला. मीटरची काच रुमालानं पुसली, परत टेकवलं. मग अंगाला गार वारा लागावा तसा एक हात दंडावर चोळत भिंतीकडं सरकला. ‘मॅडम, इथं शून्य पूर्णांक आठ येतंय.’

‘काय बे सोम्या, दिवा बसवलाय का उदबत्ती?’ पुढं उतरून गेलेले विजयसिंह नवव्या पायरीवरून वर बघत म्हणाले. ‘वाढवा मॅडम, जरा वाढवा उजेड.’

‘वाढवा बाई,’ वरून म्हातारी म्हणाली.

सगळ्यांना वाटलं, आजी नातवाची री ओढतेय. एकट्या सोमेश्वरला कळलं, तो केबल हातात धरून उठून उभा राहिला. पौर्णिमा साहेबांजवळच उभी होती, डबी तिच्या तळहातात होती. उजवीकडं अजून थोडं बटण शिल्लक होतं. इतर पायऱ्यांवर नऊ-दहा लक्स झाले असते, साहेबांना दिपवता आलं असतं, चारचौघांत मान राहिली असती. डावीकडं फिरवलं तर हे सगळे म्हणणार, बाईंचे दिवे तपासणीतच गेले. मग खांब येणार. आणि एकदा खांब आले की या गावात कुणालाही, कधीही, दिवा वाढवता येणार नव्हता. हे तिला लख्ख कळत होतं, आणि कळत असूनही तिचा अंगठा बटणावरच अडला होता, कारण ती भीत होती. जे होईल त्याला भीत होती, आणि काहीच झालं नाही तर, त्याला जास्त. सातव्या पायरीवरची सावली उभीच होती, पाण्यापासून जपून. इतकी वर्षं जपून. पौर्णिमानं बटण डावीकडं फिरवलं.

अंधार पडला तो विहिरीच्या तळातून वर आल्यासारखा. कुणीतरी ‘अरे’ म्हणालं आणि तिथंच थांबलं. मोबाइल काढावा, बॅटरी लावावी, असं एकाही माणसाला सुचलं नाही, किंवा सुचलं असेल तर हात खिशाकडं गेला नाही. डोळ्यांना काही दिसत नव्हतं. ओल्या दगडाचा आणि पारव्यांच्या विष्ठेचा वास तेवढा होता. मग पौर्णिमाच्या उजव्या हाताला, अगदी जवळ, अनवाणी पाऊल दगडावर टेकल्याचा आवाज झाला. हलकं पाऊल. एक पायरी. थांबणं. दुसरी पायरी. नवव्या पायरीवर इस्त्रीचं कापड खसखसलं. विजयसिंह भिंतीला अंग चोरून बाजूला सरले. त्यांना कुणी सरा म्हणालं नव्हतं. पितळेचा काठ एकदा दगडाला लागला. डोण अकराव्या पायरीवर, फुटलेली, वर्षानुवर्षं कोरडी, पाला आणि प्लास्टिकनं भरलेली. पाऊल डोणीपाशी थांबेल असं पौर्णिमाला वाटलं. ते थांबलं नाही. पुढं गेलं, आणि मग खाली पाणी हललं, आणि घागरीच्या तोंडातून हवा निघताना होतो तो आवाज यायला लागला, गुडगुड, सावकाश, मोठी घागर भरताना येतो तसा.

पौर्णिमाच्या अंगावरचा प्रत्येक केस उभा होता आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायलाही तिनं हात हलवला नाही. कठड्यावर म्हातारीची काठी खाली पडली, तीही कुणी उचलली नाही. किती वेळ गेला सांगता येणार नाही. सगळी माणसं आपापल्या पायरीवर, भिंतीला टेकून, अंधारात उभी होती.

‘मॅडम,’ साहेबांचा आवाज आला, अगदी हळू, घरातलं कुणी झोपलेलं असताना बोलतात तसा. ‘हे रोज बंद ठेवावं लागणार का?’

‘हो.’

‘मग तसं लिहून द्या. तुमच्याच योजनेला जोडून घेतो,’ साहेब म्हणाले. ‘पण वेळ लिहावी लागेल. किती वेळ बंद?’

ती ऐकत होती. खाली अजून आवाज येत होता.

‘भरून होईस्तोवर,’ ती म्हणाली.